ट्रिप वहिनींनी मोडली नव्हती

शिरीष, ऑस्ट्रेलियाची ट्रिप वृंदावहिनींनी मोडली नव्हती. ती मी मोडली. त्यांच्या तोंडून ‘नाही’ निघावं म्हणून मी ठरवून तुझ्या घरी आलो होतो, तू ऑफिसात असताना. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. माझ्या बायकोला, मेधालासुद्धा नाही, आणि मेधाला माझं बाकी सगळं माहीत असतं.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर एक पान लिहून दे म्हणाले. ‘तुमची एवढी मैत्री, दुसरं कोण लिहिणार?’ मी लिहिलंही. पिकनिकला तू केलेला सावजी रस्सा, तो खाऊन रडलेले पुणेकर, तुझं ते खांदे उडवत हसणं. वाचून पाहिलं तर सगळं खरं होतं आणि तरी त्यातला तू मला ओळखू येईना. मी तर त्यात कुठेच नव्हतो. ते पान फाडलं आणि हे लिहायला बसलो. अंकाला मी हेच देणार आहे. मला लिहायची सवय नाही, बोलायची त्याहून नाही, तुला माहीत आहे. अडखळलो तर सांभाळून घे.

सुरुवात तुझ्या गॅरेजमध्ये झाली. बर्फ उडवायच्या स्नोब्लोअरच्या वरच्या भिंतीवर तू उत्तर ऑस्ट्रेलियाचा नकाशा लावला होतास. शिकागोजवळच्या या नेपरव्हिलमधली आपली माणसं हवाईला जातात, फार तर अलास्काची क्रूझ करतात. तुला केर्न्सहून निघून ब्रूमला पोहोचायचं होतं, त्या खंडाच्या डोक्यावरून, आडवं, गाडीने.

“मध्ये आहे काय?” मी विचारलं.

“काहीच नाही बे. तेच तर पाहायचं आहे.”

काहीच नाही म्हणजे काय ते तू मला हळूहळू शिकवलंस. कमरेएवढं पिवळं गवत, त्यात लांबलांब उभी असलेली झाडं, माणसाहून उंच वारुळं, लाल धूळ. दिवसभर चालवली तरी समोरून दोन गाड्या येतील अशी वाट. पंप येईल तेव्हा टाकी अर्धी भरलेली असली तरी पुन्हा भरून घ्यायची, कारण पुढचा पंप चालू असेलच असं नाही. पावसाळ्यात तिथल्या नद्या रस्ताच ताब्यात घेतात, तेव्हा जायचं तर कोरड्या दिवसांत, मे ते सप्टेंबर. अंधार पडायच्या आत थांबायचं, नाहीतर कांगारू किंवा गाय काचेतून आत येते. हे सगळं तू बर्फ साफ करायच्या बुटांत उभा राहून सांगायचास आणि मी हीटरकडे पाय करून ऐकायचो.

अट एकच होती. दोघांची ग्रीनकार्डं आली की निघायचं.

तू जरा थांब, हे तुला पाठ आहे, पण वाचणाऱ्या सगळ्यांना नसेल. कार्ड नसलेला माणूस अमेरिकेबाहेर पडला की परत आत येताना त्याच्या पासपोर्टवर व्हिसाचा चालू शिक्का लागतो. तो संपलेला असेल तर बाहेरच्या एखाद्या वकिलातीत जाऊन नवा घ्यायचा, आणि तिथे फाईल अडकली तर इथली नोकरी, घर, मुलांची शाळा सगळं इथे आणि आपण तिथे. कार्ड आलं की ही धास्ती संपते. आपल्या लोकांची त्या कार्डासाठीची रांग इतकी लांब आहे की माणसं त्यात म्हातारी होतात. दर महिन्याला सरकार एक तारीख जाहीर करतं. ज्याचा अर्ज त्या तारखेच्या आधीचा, त्याचा नंबर लागला. आपल्या दोघांचे अर्ज एकाच कंपनीतून, एकाच वर्षी गेले होते.

ती तारीख जाहीर झाली की त्या शनिवारी सकाळी तुझ्या गॅरेजमध्ये चहा. वहिनी पोहे पाठवायच्या. आणि तू काढलेला नियम असा होता की तारीख हलली नाही तर आपण हलायचं. म्हणजे नकाशावर एक टप्पा नक्की करायचा, कुठे मुक्काम, कुठे डिझेल, किती पाणी. तारीख इतक्या वेळा जागची हलली नाही की आपला रस्ता नॉर्मंटन, बर्कटाऊन, बोरोलूला करत करत थेट ब्रूमपर्यंत पोहोचला. मग तू परतीचा रस्ता आखायला घेतलास.

“परतीला विमान आहे ना,” मी म्हटलं.

“तारीख हलेपर्यंत काय करायचं मग, सांग?”

आता पुण्याचं सांगतो. कंपनीने पुण्याच्या ऑफिसचं काम बघायला एक वर्ष इथून कुणाला तरी पाठवायचं ठरवलं, तेव्हा पहिल्यांदा तुला विचारलं होतं. तुझ्या लेकीची, इराची हायस्कूलची वर्षं होती. तू नाही म्हणालास आणि माझं नाव सुचवलंस. मला म्हणालास, “जा बे, तुझी आई खूश होईल.” मी गेलो. आई खूश झाली. ते वर्ष मॅनेजर म्हणून बाहेर काढल्यामुळे परतल्यावर माझ्यासाठी दुसरी रांग उघडली, मॅनेजर लोकांची, कितीतरी लहान. तुला ती रांग माहीत होती. तूच विचारलंस, “आता तुझी वेगळी फाईल टाकतील ना रे?”

“विचारलं होतं. नाही म्हणाले.”

फाईल तेव्हा तयार होत होती. वकील म्हणाला होता, काम होईपर्यंत कुणाशी बोलू नका. आपल्याकडे कुणीच बोलत नाही. कार्ड हातात पडेस्तोवर सख्ख्या भावाला सांगत नाहीत, दृष्ट लागते म्हणतात, हसत हसत म्हणतात आणि पाळतात. मी त्याच आडोशाला उभा राहिलो. खरं कारण ते नव्हतं. ते वर्ष तुझं होतं, आणि मला तुझ्या तोंडाकडे बघत हे सांगायचं नव्हतं की तू मला जे दिलंस त्यातून काय निघालं.

कार्ड आलं. मेधाने देवापुढे ठेवलं आणि म्हणाली, “आता वृंदाकडे पेढे घेऊन जाऊ.”

“थोडं थांब.”

“किती?”

मी कार्ड उचलून पाकिटात घातलं. पुढच्या शनिवारी तारीख जाहीर झाली होती. मी तुझ्याकडे आलो, चहा घेतला आणि म्हणालो, “हललीच नाही रे.” तू पुढचा टप्पा आखायला पेन्सिल उचललीस.

शिरीष, त्यानंतर मी तसाच दोन वर्षं येत राहिलो. मेधाने येणं सोडलं. “मला वृंदासमोर बसून पोहे गिळवत नाहीत,” म्हणाली. वहिनींना वाटलं मेधा कुठल्यातरी गोष्टीवरून रागावली आहे. त्यांनी दोनदा फोन करून विचारलं, माझं काही चुकलं का म्हणून. तेही माझ्याच खात्यात धर.

डीकाल्बच्या पलीकडची ती सकाळ तुला आठवत असेल. तुझ्या डोक्यात होतं की तिकडचा कच्चा रस्ता पत्र्यासारखा वळ्यावळ्यांचा असतो, टायरमधली हवा कमी करून एका ठराविक वेगाने गेलं तर गाडी वळ्यांच्या माथ्यावरून तरंगते, नाहीतर दातसुद्धा हलतात. याची प्रॅक्टिस करायला आपण मक्याच्या शेतांमधल्या खडीच्या रस्त्यावर गेलो. तू उकिडवा बसून चाकातली हवा सोडत होतास, मी हवेचा दाब मोजायचं मीटर धरून उभा. मागून शेरिफची गाडी येऊन थांबली.

“एव्हरीथिंग ओके हिअर?”

“वी आर प्रॅक्टिसिंग फॉर ऑस्ट्रेलिया, ऑफिसर,” तू म्हणालास.

त्याने मक्याकडे पाहिलं. मग आपल्याकडे. “दिस इज इलिनॉय,” तो म्हणाला.

मला हसू आलं नाही. कुणीतरी फोन करून कळवलं होतं की दोन माणसं रस्त्यात गाडीचं काहीतरी करतायत. त्याने लायसन्स मागितली. कार्ड आल्यापासून ते कायम जवळ बाळगायचं असतं, तसा नियमच आहे, आणि माझं कार्ड पाकिटात लायसन्सच्या मागच्या कप्प्यात होतं. तू माझ्यापासून हातभर अंतरावर होतास. मी पाकीट पोटाशी धरून उघडलं, अंगठ्याने मागचा कप्पा दाबून ठेवला आणि दुसऱ्या हाताने लायसन्स ओढायला लागलो. ते निघेना. बोटांना घाम आला होता. शेरिफचा माणूस माझ्या हातांकडे बघत होता, आणि त्याला काय वाटत असेल याची मला भीती नव्हती. मला भीती तुझी होती.

तू तोवर गाडीत वाकून कागदांचं फोल्डर काढलंस. पासपोर्टची कॉपी, व्हिसाचा कागद, कंपनीचं पत्र, न मागता सगळं त्याच्यासमोर धरलंस. तो म्हणाला, त्याची गरज नाही. हवा भरून घ्या आणि सावकाश जा.

तो गेल्यावर तू माझ्यावर भडकलास. “तुझे पेपर कुठं आहेत? हे दिवस असे आहेत आणि तू नुसतं लायसन्स घेऊन फिरून राहिला?”

“घरी आहेत.”

“घरी काय लोणचं घालतो का त्यांचं?”

दुसऱ्या दिवशी तू तुझ्याकडचं एक जादा फोल्डर आणून दिलंस, झिपवालं, आत कप्पे केलेलं. माझ्या गाडीत अजून आहे. रिकामं. तू विचारायचास, “फोल्डर आहे ना गाडीत?” आणि मी खरं बोलायचो, “आहे.”

आपला एक वाद अजून मिटलेला नाही. त्या वाटेवर नद्या ओलांडायच्या, पूल नसलेल्या. इतर ठिकाणी माणूस आधी चालत उतरून खोली बघतो आणि मग गाडी घालतो. तिकडे उतरायचं नाही, पाण्यात मगरी असतात. मग खोली कळणार कशी? तू म्हणायचास, काठावर थांबायचं. खुर्ची टाकायची, चहा करायचा. कधीतरी दुसरी गाडी येईल, ती कशी जाते ते बघायचं, मग आपण.

“आणि आलीच नाही तर?”

“दुसऱ्या दिवशी येईल.”

“मी मागे फिरेन,” मी म्हणायचो.

“मागे फिरायला तेवढंच डिझेल लागते, हेमंत.”

तुझं म्हणणं मला बेपर्वाईचं वाटायचं. आता वाटतं की तू वाट बघण्याबद्दल बोलत होतास आणि मी पळण्याबद्दल. तरी एक सांगतो, दोन दिवसांचं पाणी राहिलेलं असताना काठावर बसून राहणं चूकच आहे. यावर मी अजून ठाम आहे. तू असतास तर आत्ता खुर्ची पुढे ओढली असतीस.

दोन वर्षांपूर्वी तू अट मोडलीस. माझं सगळं त्या अटीवर उभं होतं. दोघांची कार्डं आली की निघायचं, आणि तुझं येत नव्हतं, म्हणून मी सुरक्षित होतो. हे वाक्य लिहिताना पेन थांबला. पण ते तसंच होतं. तुझं कार्ड येऊ नये असं मी कधी म्हटलं नाही. ते येत नाही म्हणून सुटल्यासारखं मात्र वाटायचं, दर महिन्याला.

तू म्हणालास, “कार्डाची वाट बघत बसलो तर ब्रूमला काठी टेकत जाऊ. माझ्या पासपोर्टवर शिक्का चालू आहे. तू डिसेंबरमध्ये पुण्याला जाणारच आहेस, तिथून तुझा शिक्का करून आण. जूनमध्ये निघू.”

मी डिसेंबरमध्ये पुण्याला गेलो. कार्ड दाखवून परत आलो. तू विमानतळावर घ्यायला आला होतास. “झालं का काम?” “झालं.” तू माझ्या पाठीत गुद्दा घातलास, दुखेल असा, आणि गाडीत बसल्या बसल्या गाडी भाड्याने देणाऱ्यांची नावं वाचून दाखवायला लागलास. छतावर तंबू असलेली गाडी, दोन सुटे टायर, सॅटेलाइट फोन. घरी येईपर्यंत तू बोलत होतास. मी खिडकीतून बाहेर बघत एकाच गोष्टीचा विचार करत होतो. परतीच्या विमानात बसायच्या आधी काउंटरवर दोघांचे कागद मागतील. शिकागोला उतरल्यावर कार्डवाल्यांची रांग वेगळी, तुझी वेगळी. तीन आठवडे एका गाडीत, एका तंबूत काढून, मी तुझ्या डोळ्यांसमोर त्या दुसऱ्या रांगेत कसा जाऊन उभा राहणार?

सांगता आलं असतं. रोज सांगता आलं असतं. तू काय म्हणाला असतास तेही मला माहीत होतं, शिव्या दिल्या असत्यास आणि पेढे मागितले असतेस. तरी मला ते जमलं नाही. दोन वर्षांचे चहा मध्ये उभे होते. एक खोटं कबूल करता येतं, प्रत्येक शनिवारचं कसं करायचं?

तू ऑस्ट्रेलियाच्या व्हिसाचे अर्ज भरायला घेतलेस. दोघांचे. माझ्यासमोर लॅपटॉप ठेवून तू विचारलंस, “अमेरिकेतलं तुझं स्टेटस काय टाकू? माझ्यासारखंच ना?” मी म्हणालो, “राहू दे, माझा मी भरतो.” तू वर पाहिलंस. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ पाहिलंस असं मला वाटलं. मग म्हणालास, “भर.”

त्याच आठवड्यात मी वहिनींकडे आलो. तुझं मीटर परत करायचं निमित्त काढलं. त्या पुडाच्या वड्या लाटत होत्या. मला बसवलं, गरम वडी दिली. मी ती हातात धरून म्हणालो की वहिनी, हल्ली दिवस बरे नाहीत. माझ्या एका मित्राचा मित्र असाच फिरायला बाहेर गेला होता. शिक्का चालू होता, तरी येताना अडवलं. अजून तिकडेच आहे.

असा कुणी माणूस नव्हता, शिरीष. मी तो तिथे बसल्या बसल्या तयार केला. त्याला दोन मुलंही दिली.

“म्हणजे येऊच देणार नाहीत?” वहिनींनी लाटणं खाली ठेवलं.

“देतील. कधी ते सांगता येत नाही.”

“मग तुम्ही काहून चालले?”

“मीही विचार करतोय. पण शिरीषला मी काही बोललो तर त्याला वाटेल मी घाबरलो.”

त्यांनी हातावरचं पीठ झटकलं. इराचं कॉलेजचं पहिलं वर्ष, घराचा हप्ता, त्यांची स्वतःची नोकरीची परवानगी तुझ्या व्हिसाला बांधलेली. हे सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून जाताना मी पाहिलं. मग त्या म्हणाल्या, “मी सांगते त्यांना. तुमचं नाव नाही घेणार, हेमंतभाऊ. तुमच्या दोस्तीत नको काही.”

वडी मी खाल्ली. छान झाली होती, असंही म्हणालो.

रविवारी तुझा फोन आला. “वृंदा नाही म्हणते बे. रडली. इतक्या वर्षांत कधी कशाला नाही म्हटलं नाही तिनं.” मी म्हणालो, मग राहू दे, पुढच्या वर्षी बघू. तुझ्या मागे कुठेतरी टीव्ही चालू होता. मग तू म्हणालास, “एक सांगू? रांगा वेगळ्या असल्या ना, तरी बॅगा एकाच पट्ट्यावर येतात. मी थांबलो असतो तिथं.”

मी विचारलं, “म्हणजे?”

“काही नाही. असंच.”

तुला कळलं होतं का? केव्हापासून? शेतातल्या रस्त्यावर, की लॅपटॉपवरून वर पाहिलंस तेव्हा, की पुण्याहून आलो त्या दिवशीच? कळलं असेल तर तू माझ्यासाठी काठावर खुर्ची टाकून बसला होतास आणि मी आलोच नाही. कळलं नसेल तर ते वाक्य तू कशाबद्दल बोललास, याचं उत्तर मला कुणीच देऊ शकत नाही. त्यानंतर आपण भेटत राहिलो. चहा झाले, तारीख जाहीर होत राहिली. नकाशावर नवीन काही आखलं नाही. तू विचारलं नाहीस, मी बोललो नाही. तो जून असाच सरला आणि यंदाच्या मार्चमध्ये तू अचानक गेलास, ऑफिसच्या पार्किंगमध्ये, गाडी नीट लावून. मला फोन वहिनींचा आला. आधी माझ्याकडेच.

तू मला पुष्कळ दिलंस. पुण्यातलं ते वर्ष दिलंस, आईजवळचं, जे पुन्हा मिळालं नसतं. ती त्यानंतर फार दिवस राहिली नाही. मी एकट्याने कधीच पाहिलं नसतं असं एक आख्खं रान तू मला गॅरेजमध्ये बसून दाखवलंस. डोळे मिटले तर मला बोरोलूलाचा रस्ता दिसतो, तिथे मी गेलेलो नाही तरी. तुझ्याबरोबर असताना मी कमी भित्रा असायचो. आभार मानायचे तर तोंड कुठून आणू, हाच प्रश्न आहे.

आता तुझ्या घरची गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं लिहिलं. वहिनी इथे तुझ्या व्हिसावर होत्या, तुझ्याबरोबर तोही संपला; इथेच जन्मलेल्या इराला ती अडचण नाही. वकील मार्ग शोधतोय, पण त्यांनी नागपूरला जायचं ठरवलं आहे. घर आवरायला घेतलंय. गेल्या शनिवारी त्यांनी मला बोलावलं. गॅरेजमध्ये ट्रिपचं सामान काढून ठेवलं होतं, दोर, जॅक, पाण्याचे कॅन, तू आधीच घेऊन ठेवलेलं. “हे तुम्ही न्या,” म्हणाल्या. “तुमच्याशिवाय कुणाला काय उपयोग.” इरा खोक्यांना टेप लावत होती. तिने मान वर न करता विचारलं, “काका, डॅड वॉज ऑल सेट टू गो, राइट? यू बोथ वेअर.”

“हो,” मी म्हणालो.

“अँड मॉम सेड नो.”

“इरा,” वहिनी म्हणाल्या.

“आय ॲम जस्ट सेइंग. ही वॉन्टेड वन थिंग. वन.”

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. त्या बोलू शकल्या असत्या, की हेमंतभाऊंनीच येऊन सांगितलं होतं म्हणून मी घाबरले. नाव घेणार नाही असा शब्द त्यांनी मला दिला होता, आणि तुला जाऊन एवढे दिवस झाले तरी, पोटची पोर समोर असा घाव घालत असताना, त्या तो पाळत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, “बरोबर आहे तिचं. मीच अडवलं. जाऊ दिलं असतं तर निदान पाहून तरी गेले असते.”

मी जॅक उचलून गाडीत ठेवला. मग दोर ठेवला. मग परत येऊन कॅन नेले. एवढंच केलं, शिरीष. इराने टेप तोडली, त्याचा आवाज झाला. त्या दोघी एकमेकींशी बोलत नाहीत हे मला तिथून निघताना कळलं. इरा मला “बाय काका” म्हणाली, आईला काही न सांगता वर निघून गेली.

घरी येऊन मी मेधाला हेही सांगितलं नाही. ती म्हणाली, वृंदा जाण्याआधी कार्डाचं तरी सांगून टाक. तिला वाटतं तेवढंच आहे.

पुढच्या रविवारी इरा घरी आहे. त्यानंतर वहिनी जातील आणि हे ओझं नागपूरला घेऊन जातील, जन्मभरासाठी, आणि इरा इकडे त्यांच्यावरचा राग घेऊन राहील. हा लेख अंकाला द्यायच्या आधी मला तुझ्या घरी जाऊन त्या दोघींना एका खोलीत बसवायचं आहे. सांगायचं आहे की माझं कार्ड माझ्या खिशात होतं, अडकलेला तो माणूस कुणी नव्हता, आणि वहिनी नाही म्हणाल्या कारण त्यांनी नाही म्हणावं म्हणून मी आलो होतो. त्या मला माफ करतील की घराबाहेर काढतील हा प्रश्न माझा नाही. एवढं मी तुझं देणं लागतो, आणि आज हे लिहीत असताना ते दिलेलं नाही.